कापसाची गाठ, विडीचं बंडल आणि कामगाराचं घर

लोणार तालुक्यातल्या आमच्या सुलतानपुरातून पुण्या-मुंबईला कामाला गेलेला पोरगा पहिले काही महिने कुणाच्या तरी खोलीत चौथा-पाचवा होऊन राहतो. लग्न झालं की त्याला स्वतःची खोली लागते. मुसलमान असेल तर ‘नाव काय?’ या प्रश्नापाशीच बरेचदा शोध संपतो आणि तो पुन्हा मोहल्ल्यात येतो. तिथं खोली लहान आणि भाडं जास्त. पण मशीद, शाळा, उधारीवर माल देणारा किराणावाला आणि रात्री दार उघडणारा डॉक्टर, सगळं पायी अंतरावर. शहराबाहेर स्वस्त घर मिळत असतानाही लोक मोहल्ला का सोडत नाहीत, याचं उत्तर इथंच आहे. मुंबईच्या इतिहासात हे उत्तर फार महाग पडून मिळालेलं आहे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी इंग्रजांनी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळती करायची, असं त्याचं काम. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची होती. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. पण पाडलेलं जास्त आणि बांधलेलं कमी, ही तक्रार ट्रस्टच्या कपाळी कायम राहिली.

मग 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, आलं. गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायचं ठरलं. पैसा कुठून? मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या, प्रत्येकीत 80 खोल्या. काँक्रीटच्या भिंती, साधारण 160 चौरस फुटांची एक खोली, नळ आणि संडास सगळ्यांचे मिळून.

कामगार घरासाठी तडफडत असताना यातल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या, वरळीत तर फारच. भाडं परवडत नव्हतं. वरळी तेव्हा लांब वाटायची. बाजार, दवाखाना, शाळा, खेळायला जागा यांचा विचार इमारतींच्या नंतर. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींत सरकारने राजकीय कैदी ठेवले. घर म्हणून बांधलेली इमारत इतक्या सहज तुरुंग होऊ शकली, यातच त्या नकाशाची परीक्षा झाली, असं मला वाटतं.

त्याच काळात नागपाड्यात उलट्या टोकाने काम सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशनने 1926 मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस काढलं. क्लिफर्ड मॅनशर्ट त्याचे प्रमुख. त्यांनी घरं बांधली नाहीत. गर्दीच्या वस्तीच्या मधोमध दवाखाना, वाचनालय, लहान मुलांचे वर्ग आणि खेळाचं मैदान आणलं. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. पण 1936 मध्ये याच इमारतीत समाजकार्याचं ते महाविद्यालय सुरू झालं, जे आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून देवनारला आहे. देशातलं समाजकार्याचं शिक्षण नागपाड्याच्या गल्लीतून निघालं, हे नागपाड्याच्या पोरांनाही कुणी सांगत नाही. त्यांना बास्केटबॉल तेवढा माहीत असतो, भारताचे कर्णधार अब्बास मुंतसीर यांच्यामुळे.

म्हणजे एकीकडे सोयींशिवाय घरं, दुसरीकडे घरांशिवाय सोयी. दोन्ही ठिकाणी राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

विचारायला लावलं ते सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली, मुसलमान, दलित अशा सगळ्या बायका त्यात होत्या. घरी बसून विड्या वळायच्या, म्हणजे घर हाच कारखाना. खोली लहान तर पानं, तंबाखू, पाळणा आणि चूल एकाच जागी. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या युनियनने त्यांची सहकारी संस्था उभी केली आणि शहराबाहेर कुंभारीला दहा हजारांवर घरांची वसाहत बांधली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. घराची किंमत 60,000 रुपये. त्यात 20,000 केंद्राचे, 20,000 राज्याचे, 20,000 त्या बाईचे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते या घरांचं लोकार्पण झालं. तिसरा हिस्सा स्वतःचा असल्यामुळे बाई तिथं मागणारी नव्हती, मालकीण होती. शिवाय संस्थेच्या यादीत घर मिळालं, त्यामुळे नाव विचारून दार लावणारा घरमालक मधे आलाच नाही. शेजार संमिश्र झाला तो भाषणांनी नव्हे, अशा यादीने.

विडी कामगारांसाठीही एक कर होता, बीडीडीच्या कापसासारखाच. 1976 च्या कायद्याने विडीवर उपकर बसला आणि त्या निधीतून घरकुलं, दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या असं सगळं एकत्र मिळू लागलं. घर आणि घराभोवतालच्या सोयी एकाच तिजोरीतून येणं ही मला त्या कायद्यातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते. विडीच्या धंद्याबद्दल, तिने होणाऱ्या खोकल्याबद्दल बोलायचं तर तो वेगळा लेख होईल.

2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. त्यानंतर कुंभारीलाच असंघटित कामगारांसाठी रायनगर उभं राहतंय. योजना 30,000 घरांची. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 15,000 घरांचा ताबा दिला. हा पैसा पंतप्रधान आवास योजनेचा, आणि तिचं अनुदान मोजलं जातं ते घरामागे. 30,000 कुटुंबं म्हणजे आमच्या लोणारहून मोठं गाव. वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यापर्यंत जाणारी बस, रात्री उघडा असणारा दवाखाना, मुलींना चालत जाता येईल अशी शाळा, हे कुणाच्या हिशेबात धरायचं, हा प्रश्न कुंभारीच्या बायकांनी आता नेमका कुणापुढे मांडायचा?