लॅनची केबल खोचली, पुढे काय? चिपमध्ये डेटा नेमका कसा शिरतो?

स्मार्ट टीव्ही, राऊटर किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये लॅनची केबल खोचली की 'टक' असा आवाज येतो आणि शेजारचा छोटा दिवा लुकलुकायला लागतो. म्हणजे डेटा यायला सुरुवात झाली. आपल्याला वाटतं, प्रोसेसर तो एकेक करून वाचत असेल. प्रत्यक्षात त्या वेळी प्रोसेसर बहुतेकदा दुसऱ्याच कामात असतो. मग डेटा घेतं कोण?

डेटा येतो तुकड्यांत

तारेतून डेटा पाठवण्याच्या या पद्धतीचं नाव इथरनेट. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ती मांडली. यात डेटा 'फ्रेम' नावाच्या तुकड्यांत येतो. साध्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर मावतो. त्याच्या आधी घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, तर शेवटी तपासणीसाठी ४ बाइटची संख्या.

चार टप्पे

आपण एसटीएम३२एफ४०७ या लहान चिपचं उदाहरण घेऊ. तिचा इथरनेटचा वेग आहे सेकंदाला १०० मेगाबिट.

१. फाय: ही बोर्डवरची वेगळी चिप. तारेतले विद्युत संकेत ओळखून ती त्यांचे ० आणि १ करते. एका वेळी ४ बिट, असं सेकंदाला अडीच कोटी वेळा ती मुख्य चिपकडे देते.

२. मॅक: हा भाग मुख्य चिपच्या आतच असतो. फ्रेमच्या आधी ७ बाइट १०१०१०१० असा ठेका येतो. आठव्या बाइटच्या शेवटी ११ आलं की मॅकला कळतं, फ्रेम इथून सुरू. मग तो पत्ता आपलाच आहे का ते बघतो आणि तपासणीची संख्या जुळवतो. जुळली नाही तर फ्रेम सहसा तिथेच टाकून दिली जाते.

३. डीएमए: हा भाग प्रोसेसरला न विचारता फ्रेम थेट मेमरीत लिहितो. दूधवाला येण्याआधी दारात पातेलं ठेवावं, तसे प्रोग्रामने मेमरीत रिकामे बफर आधीच मांडून ठेवलेले असतात. बफर भरला की डीएमए एक बिट बदलतो. अर्थ असा, 'आता हा बफर तुझा'.

४. इंटरप्ट: आता कुठे प्रोसेसरला हाक जाते. तो हातातलं काम थांबवून फ्रेम उचलतो आणि रिकामा बफर परत मांडतो.

गडबड कुठे होते?

सगळ्यात लहान फ्रेम लागोपाठ आल्या, तर दर ६.७२ मायक्रोसेकंदाला एक येते. म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार! १६८ मेगाहर्ट्झच्या या प्रोसेसरला एका फ्रेमसाठी जेमतेम ११०० ठोके मिळतात. तो मागे पडला तर सगळे बफर भरून जातात. चिपमध्ये येणाऱ्या डेटासाठी २ किलोबाइटची छोटी साठवण असते. तीही भरली की नंतरच्या फ्रेम वाया जातात.

विशेष म्हणजे, फ्रेम वाया गेली हे इथरनेट पाठवणाऱ्याला कळवत नाही. फाईल डाऊनलोड करताना हे काम सहसा टीसीपी करतं. न पोहोचलेला भाग ते पुन्हा मागवून घेतं, त्यामुळे फाईल पूर्ण येते, फक्त उशिरा. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र थांबायला वेळ नसतो. हरवलेला भाग सोडून पुढे जावं लागतं आणि समोरच्याचा चेहरा अडकतो.

यावर लिनक्समध्ये 'नॅपी' नावाची युक्ती आहे. गर्दी वाढली की दर फ्रेमला हाक मारणं बंद होतं आणि प्रोसेसर स्वतः येऊन जमलेल्या फ्रेम एकगठ्ठा उचलतो.

आता त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पुन्हा बघा. तो साधारणपणे पहिल्या टप्प्यावरची फाय चिप चालवते. म्हणून दिवा चालू असला, तरी डेटा प्रोसेसरपर्यंत पोहोचलाच असं नाही.