नकारात्मक विचार आणि सम्यक स्मृती

मनात वारंवार उद्भवणारे भय, द्वेष, पश्चात्ताप किंवा स्वतःच्या हीनतेचे विचार यांना सामान्यतः नकारात्मक विचार म्हटले जाते. असे विचार येणे हा मनाचा स्वभावच आहे. त्यांच्यामागे वाहत जाणे हे मात्र दुःखाचे कारण ठरते, अशी बौद्ध परंपरेची भूमिका आहे. हे विचार ओळखून शांत करण्याची जी साधना भगवान बुद्धांनी सांगितली, तिचा आधार ‘सम्यक स्मृती’ हा होय.

सति म्हणजे काय?

पाली भाषेतील ‘सति’ म्हणजेच संस्कृतातील ‘स्मृती’. येथे मात्र तिचा अर्थ केवळ आठवण असा नाही. या क्षणी शरीरात व मनात काय चालले आहे, याचे अखंड भान म्हणजे सति. आर्य अष्टांगिक मार्गाचे हे सातवे अंग आहे. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म ही तिची चार क्षेत्रे सांगितली आहेत. यांपैकी चित्ताचे निरीक्षण करताना साधक, चित्त द्वेषयुक्त असेल तर ते द्वेषयुक्त आहे, एवढेच जाणतो. तो त्याचा धिक्कार करीत नाही आणि समर्थनही करीत नाही. ‘मी वाईट आहे’ असे मानणे आणि ‘मनात राग उत्पन्न झाला आहे’ हे जाणणे, यांत मोठे अंतर आहे. साधनेचा आरंभ या अंतरापासूनच होतो.

संयुत्त निकायात यासाठी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. देहाला होणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेवर शोक आणि चडफड करीत राहणे हा दुसरा. पहिला बाण नेहमी टाळता येतोच असे नाही. दुसरा मात्र टाळता येतो.

बुद्धांनी सांगितलेले पाच उपाय

मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्त पूर्णपणे याच विषयाला वाहिलेले आहे. त्यात क्रमाने पाच उपाय येतात.

पहिला उपाय म्हणजे अकुशल विचाराच्या जागी कुशल विचार आणणे. सुतार लहान खुंटी ठोकून मोठी खुंटी बाहेर काढतो, तसे हे कार्य आहे. द्वेषाच्या जागी मैत्रीभावना, हे याचे प्रसिद्ध उदाहरण. दुसरा उपाय त्या विचाराचे दुष्परिणाम पाहण्याचा आहे. नटण्याची आवड असलेल्या तरुण माणसाला गळ्यात मृत प्राण्याचे कलेवर अडकवल्यास जशी किळस येईल, तशी अरुची त्या विचाराविषयी निर्माण होते. तिसरा उपाय दुर्लक्षाचा. नको ते दृश्य दिसल्यास माणूस डोळे मिटतो किंवा दृष्टी वळवतो, त्याप्रमाणे. चौथ्या उपायात विचाराच्या मुळाशी जाऊन त्याचा वेग क्रमाने कमी करावयाचा असतो. वेगाने चालणारा मनुष्य ‘मी इतकी घाई का करीत आहे?’ असे स्वतःला विचारून सावकाश चालतो, मग थांबतो, मग बसतो, अखेर आडवा होतो, तसा हा उपाय आहे. हे सर्व निष्फळ ठरल्यासच दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला दाबण्याचा पाचवा उपाय सांगितला आहे.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे दुःखी माणसाला ‘तो विचार मनातून काढून टाक’ असा पहिला सल्ला दिला जातो. सुत्तात मात्र बळाचा वापर सर्वांत शेवटी येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांच्या मनात तो विचार पुनःपुन्हा येत राहिल्याचे आढळले होते.

इगतपुरी ते रुग्णालय

महाराष्ट्रात ही साधना प्रामुख्याने विपश्यनेच्या रूपाने परिचित आहे. म्यानमारमधील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिबिरांना प्रारंभ केला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे त्यांनी ‘धम्मगिरी’ केंद्र उभारले. बंगळुरूजवळ आलूर येथे ‘धम्म पफुल्ल’ हे याच परंपरेतील केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून प्रथम श्वासाचे आणि नंतर शरीरावरील संवेदनांचे समतेने निरीक्षण शिकविले जाते.

पाश्चात्त्य वैद्यकातही या साधनेतील तत्त्वे स्वीकारली गेली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणनिवारणाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नैराश्य पुन्हा उद्भवू नये यासाठी याच धर्तीवर एक उपचारपद्धती विकसित झाली.

दैनंदिन जीवनात

बंगळुरूच्या पूर्वेस जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले होसकोटे हे तालुक्याचे गाव, पुण्याजवळील चाकणप्रमाणेच, कारखाने व गोदामे यांनी वेढलेले आहे. अशा ठिकाणी पाळीत काम करणाऱ्यास दहा दिवसांची रजा सहज मिळत नाही. मात्र आरंभासाठी ती अनिवार्य नाही. दिवसातून दहा मिनिटे स्वस्थ बसून नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यावे. विचार आल्यास ‘ही चिंता आहे’, ‘हा राग आहे’ अशी त्याची मनातल्या मनात नोंद घ्यावी आणि लक्ष पुन्हा श्वासावर आणावे. ते शंभर वेळा भरकटले, तरी शंभर वेळा परत आणणे हाच अभ्यास होय.

मर्यादा

सम्यक स्मृती म्हणजे अन्याय निमूटपणे सोसणे नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चित्तशुद्धीइतकेच सामाजिक समतेला महत्त्व दिले. अपमान, शोषण किंवा कर्ज यांतून येणाऱ्या विचारांचे निरीक्षण करतानाच त्या कारणांवरही उपाय केला पाहिजे.

तसेच ध्यान हा औषधोपचाराला पर्याय नाही. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा मोठ्या आघाताचा इतिहास असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घ शिबिरात जाऊ नये. चालू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत. आत्मघाताचे विचार येत असल्यास ध्यानाला बसण्यापूर्वी कोणाशी तरी बोलणे आवश्यक आहे. त्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे प्रमुख केंद्र आहे.

मदत मागणे हा साधनेतील दुबळेपणा नव्हे. आपल्या मनाची अवस्था आहे तशी जाणणे म्हणजे सति. आणि एकट्याने सोसवत नाही हे वेळीच ओळखणे, हेही त्याच जाणिवेचे फळ आहे.