तळटीप : आमिष लावून हरणाची शिकार

१. नागापूरच्या माळावर दाणा टाकून हरणासाठी दबा धरण्याचा हा उल्लेख वाचताना काळ ध्यानात घ्यावा. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २(१६)नुसार आमिष लावणे, तसा नुसता प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच. तरीही परवाना घेऊन काही प्राणी मारता येत; मात्र पाणवठ्यावर किंवा जनावरे खारट माती चाटायला येतात तिथे मारण्यास कलम १७ची मनाई होती. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली, हे फार योग्य झाले. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला शिक्षा किमान तीन वर्षे कैद. रेहेकुरी अभयारण्य (१९८०) काळविटांसाठीच राखलेले आहे. आमिष लावलेले दिसल्यास वाचकांनी वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. — संपादक