माकडतापाचा धडा आणि उच्च शिक्षणाची नवी वाट

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासचे ग्रामस्थही तापाने आजारी पडले. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूजन्य माकडतापाचे रुग्ण २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही आढळले. जंगलात मेलेले माकड हा गावासाठी धोक्याचा इशारा असतो. तो वेळीच ओळखण्यासाठी पशुवैद्यक, साथरोगशास्त्र आणि परिसंस्थाशास्त्र यांची सांगड घालावी लागते. 'एक आरोग्य' या संकल्पनेचा हाच गाभा आहे.

पशुवैद्यक पदवीधरांना एम.व्ही.एस्सी.साठी पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हा विषय घेता येतो. बरेलीनजीक इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तशी सोय आहे. अन्य विज्ञान पदवीधरांसाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील वन्यजीव विज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम, तर वैद्यकीय पदवीधरांसाठी सामाजिक वैद्यकशास्त्र हे पर्याय आहेत. नागपूर येथील राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

शाखा कोणतीही असो, प्रयोगशाळेइतकेच प्रत्यक्ष जंगलातील काम शिकविणारा अभ्यासक्रम निवडणे हिताचे ठरते. कारण साथीची पहिली खूण रुग्णालयात नव्हे, तर रानात दिसू शकते.