कोरड्या भुकटीतील मायक्रोवेव्ह : असेंद्रिय संश्लेषणाच्या एका शाखेचे मूळ

रेडारसाठी घडवलेली मॅग्नेट्रॉन नलिका, तिच्या लहरींनी अन्न शिजते हा रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांचा शोध आणि त्यातून निघालेली घरगुती भट्टी हा इतिहास सर्वपरिचित आहे. असेंद्रिय संयुगांच्या निर्मितीत ही भट्टी कशी शिरली, याचे मात्र बहुधा एकच उत्तर दिले जाते: १९८६ मध्ये गेडाय आणि गिगेर यांच्या गटांनी तिच्यात सेंद्रिय अभिक्रिया घडवल्या व इतरांनी त्यांचे अनुकरण केले. हे उत्तर कालक्रमाला जुळते, कारणमीमांसेला जुळत नाही. सेंद्रिय प्रयोगांत लहरी शोषतो तो मुख्यतः ध्रुवीय द्रावक, म्हणजे रेणूच्या टोकांवर विषम विद्युत्भार असलेला द्रव. कोरड्या भुकटीत असा मध्यस्थ नसल्याने तिच्यातील एखाद्या घटकालाच ते काम करावे लागते.

हा घटक अतिसंवाहकांच्या शोधामुळे हाती आला. यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे संयुक्त ऑक्साइड ९३ केल्विनच्या आसपास विद्युत्‌रोध गमावते, हे १९८७ मध्ये कळल्यावर अनेक प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. परंतु घनांतील अणू मंद गतीने सरकत असल्यामुळे मिश्रण पुनःपुन्हा दळून तासन्‌तास भाजावे लागे. त्या मिश्रणातील कॉपर ऑक्साइड मायक्रोवेव्हचे अत्यंत प्रभावी शोषक आहे, आणि १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅगहर्स्ट, चिपिनडेल व मिंगोस यांनी त्याचाच लाभ घेतला. बेरियम नायट्रेटमधून सुटणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर काढता यावेत, म्हणून त्यांना भट्टीत फेरफारही करावा लागला. घन असेंद्रिय संश्लेषणाचा खरा पूर्वज कॉपर ऑक्साइड होय, असे म्हणण्यास येथे भक्कम आधार मिळतो.

या मतावर दोन आक्षेप संभवतात. त्याच वर्षी बॅगहर्स्ट व मिंगोस यांनी बनवलेल्या पोटॅशियम व्हॅनाडेटमध्ये तांबे मुळीच नाही. परंतु व्हॅनेडियम पेंटॉक्साइडही प्रबळ शोषकच असल्याने या आक्षेपाने तत्त्व बदलत नाही, केवळ पूर्वजाचे भावंड पुढे येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोबिल कंपनीला झिओलाइटच्या स्फटिकीकरणासाठी मायक्रोवेव्ह वापरण्याचे पेटंट १९८८ मध्येच मिळाले. तेथे मात्र लहरी शोषते ते पाणी, त्यामुळे ती शाखा सेंद्रिय प्रयोगांच्या कुळातच बसते.

या लहरी रासायनिक बंध थेट तोडतात, हा समज टिकत नाही, कारण २.४५ गिगाहर्ट्‌झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर बंधांना काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. प्रश्न उष्णता कोठे निर्माण होते याचाच उरतो. म्हणूनच सामान्य तापमानाला लहरी जवळजवळ न शोषणाऱ्या अ‍ॅल्युमिनासारख्या पदार्थांशेजारी आजही सिलिकॉन कार्बाइडसारखे शोषक ठेवून त्यांना आधी तापवून घ्यावे लागते.