लाइपझिगच्या जत्रेतला दिवा

दिवाळीच्या तोंडावर कॉलेजच्या आवारात मुलामुलींचे स्टॉल लागतात. रंगवलेल्या पणत्या, तारेचे नाहीतर मातीचे मेणबत्ती-स्टँड... गिऱ्हाईक वस्तू उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, "एवढ्याशाचे एवढे?" हा प्रश्न फार जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या विद्यार्थ्यांनाही तो भेटला होता. त्याची ही गोष्ट.

१९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिअसने वायमारला 'बाउहाउस' ही शाळा काढली. चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार या सगळ्यांनी पुन्हा हातकामाकडे वळावं, असा तिचा जाहीरनामा. विणकाम, सुतारकाम, धातुकाम अशा कार्यशाळांत मुलं शिकत. ग्युला पाप या हंगेरियन विद्यार्थ्याने १९२२ मध्ये इथेच सात मेणबत्त्यांचं पितळी शमादान घडवलं. तेव्हा या कार्यशाळेत सुरया, समोवार, कॉफीचे संच अशाच वस्तू बनत.

१९२३ मध्ये मोहोली-नॉज हा नवा मास्तर आला. शाळेचं घोषवाक्यही बदललं होतं: कला आणि तंत्रज्ञान यांची एकी. त्याने विद्यार्थ्यांना विजेचे दिवे बनवायला लावलं. सोन्याचांदीत रमलेल्या कारागिरांना ते कमीपणाचं वाटायचं, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय.

या खटपटीतून युकर आणि वागेनफेल्ड या दोन विद्यार्थ्यांचा टेबलावरचा दिवा जन्मला. गोल बैठक, सरळ दांडा, वर दुधी काचेचा घुमट. बस्स! १९२४ मध्ये वागेनफेल्ड ते दिवे घेऊन लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत गेला. शाळेला पैशांची गरज होतीच, कारण त्याच वर्षी थुरिंगिया प्रांतात सत्ता बदलली आणि शाळेचं अनुदान निम्म्यावर आलं.

आणि व्यापारी हसले. दिवा दिसायला कारखान्यातून स्वस्तात निघाल्यासारखा, पण किंमत हातकामाची! कारण एकेक दिवा खरंच हाताने बनवलेला होता.

मला यात गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं. नक्षीकाम असलं की मेहनत डोळ्यांना दिसते, गिऱ्हाईक मुकाट पैसे मोजतं. पण ठोक्याची एकही खूण न ठेवता पत्रा गुळगुळीत करायचा, तर मेहनत जास्त आणि ती दिसत मात्र नाही. साधेपणा आपले कष्ट लपवतो. १९२४ मध्येच या कार्यशाळेत आलेल्या मारिआन ब्रांटला सुरुवातीला जर्मन सिल्व्हरचे छोटे छोटे अर्धगोल ठोकत बसवलं होतं. बाईमाणसाला इथे जागा नाही, असं सहकाऱ्यांचं मत होतं, हे तिने नंतर सांगितलं. त्या अर्धगोलांचे तास कुठल्या किमतीत धरायचे?

या पेचातून सुटायचे दोनच रस्ते होते. एक तर नक्षीकडे परत जायचं, नाहीतर वस्तू खरोखरच यंत्रावर बनवायची. त्यांनी दुसरा धरला. १९२५ मध्ये शाळा देसाऊला हलली. १९२८ मध्ये कांडेम दिव्यांच्या कंपनीशी करार झाला आणि ब्रांटने तिच्यासाठी केलेले दिवे कारखान्यातून निघू लागले. ही कंपनी कुठली, तर लाइपझिगचीच! वागेनफेल्डनेही पुढे येनाच्या काच कारखान्यासाठी रोजच्या वापरातला चहाचा संच केला.

पण गोष्ट इथे संपत नाही. व्यापारी हसले तो दिवा १९८० पासून ब्रेमेनची एक कंपनी पुन्हा बनवते आहे, आणि तो मुळीच स्वस्त नाही. ब्रांटने १९२४ मध्ये हाताने घडवलेली एक चहादाणी २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात साडेतीन लाख डॉलर्सच्या वर गेली.

म्हणजे ते तास कोणीतरी मोजले तर! फक्त हिशेब व्हायला ऐंशी-पंचाऐंशी वर्षं लागली, आणि पैसे ठोकणाऱ्या हातांपर्यंत पोचले नाहीत.