उंच इमारतीवरची ससाण्याची जोडी

श्रोतेहो, आजचा विषय इतिहासाचा आहे. पण त्यात राजा नाही, लढाई नाही. आहे ती पाखरांची एक जोडी, आणि पाखरांवर वर्षानुवर्षे नजर ठेवणारी काही चिकाटीची माणसे. ‘पाखरांचा कसला आलाय इतिहास?’ असे कोणी म्हणेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

बहिरी ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या मुलखात पाहुणा म्हणून येतो. त्याचा जातभाई शाहीन तर सह्याद्रीच्या कड्यांवरच राहतो. आकार साधारण कावळ्याएवढा. पण उंचावरून पंख आवळून भक्ष्यावर झेप टाकली, की वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. हा पक्षी काड्या-काटक्यांचे घरटे बांधीत नाही. उभ्या कड्यावरची कपार पाहायची, तिथल्या मातीत-खड्यांत उथळसा खळगा करायचा आणि त्यात तीन-चार अंडी घालायची, एवढाच त्याचा संसार.

आता कॅनडातील मॉंट्रियल शहर डोळ्यांपुढे आणा. तिथे सन लाइफ विमा कंपनीची विसाहून अधिक मजल्यांची दगडी इमारत आहे. आपल्या दृष्टीने ती कचेरी. ससाण्याच्या दृष्टीने मात्र तो सरळसोट कडाच! शिवाय खाली शहरभर कबुतरे, म्हणजे अन्नाची ददात नाही. १९३० नंतरच्या दशकात एक जोडी तिथे आली. पण दगडी कठड्यावर माती कुठली? अंडी ठरेनात. तेव्हा जी. हार्पर हॉल नावाच्या पक्षिप्रेमी गृहस्थांनी कठड्यावर वाळूखड्यांनी भरलेली पेटी ठेवली. मादीने ती पत्करली. १९५२ पर्यंत त्या कठड्यावरून वीसहून अधिक पिल्ले उडाली. हॉल साहेब वर्षामागून वर्षे हे सारे टिपून ठेवीत होते. पुढे १९५५ साली त्यांनी ती हकिकत छापून प्रसिद्ध केली.

यात एक योगायोग पाहा. १९४० साल महायुद्धाचे. ब्रिटनने आपले कोट्यवधींचे रोखे सुरक्षित राहावेत म्हणून जहाजांतून कॅनडात धाडले आणि ते ठेवले याच इमारतीच्या तळघरात. त्याच साली खुद्द ब्रिटनमध्ये ससाणे मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. कारण सैन्याची निरोपी कबुतरे ससाणे पकडीत. युद्धकाळात तिथे सुमारे ६०० ससाणे मारले गेले. एका देशात पेटी ठेवून पाहुणचार, दुसऱ्या देशात बंदूक!

युद्ध संपले. ब्रिटनमधले ससाणे पुन्हा वाढू लागले. मग १९६० च्या सुमारास शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी तक्रार केली, की ससाणे फार माजले आहेत, त्यांचे संरक्षण काढून घ्या. सरकारच्या मनात आले, आधी मोजणी तर करू. ते काम डेरेक रॅटक्लिफ या संशोधकाकडे आले. १९६१ आणि १९६२ साली कडे धुंडाळले, तर काय? ससाणे वाढले नव्हते. झपाट्याने नाहीसे होत होते! अमेरिकेतही तीच गत. १९६४ साली मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील जुन्या जागा तपासल्या, तेव्हा पिल्ले वाढवणारी एकही जोडी आढळली नाही.

हे का झाले? रॅटक्लिफ यांना घरट्यांत फुटकी अंडी दिसली होती. कवच पातळ झाले असेल काय? पण हे ठरवायचे, तर पूर्वीचे कवच कसे होते ते कळायला हवे. इथे उपयोगी पडला एक जुना छंद. ब्रिटनमध्ये पूर्वी हौशी लोक अंडी गोळा करून, त्यांवर ठिकाण आणि तारीख लिहून पेट्यांत ठेवीत. छंद काही चांगला नव्हे. पण तारखा होत्या! इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे तपासावी, तशी रॅटक्लिफ यांनी ही कवचे वजन करून, मापून तपासली. १९४७ च्या आसपासपासून कवच एकाएकी पातळ झाले होते, जवळजवळ पाचव्या हिश्शाने. हा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला.

१९४७ च्या सुमारास असे नवीन काय आले होते? डीडीटी. हे नाव आपल्या खेड्यांना नवे नाही. १९५३ पासून हिवतापाविरुद्ध देशभर फवारणी झाली, तिने असंख्य माणसे वाचली. ते ऋण नाकारून चालणार नाही. पण शेतांत आणि रानांत हे औषध बेसुमार पडले, ते किड्यांतून लहान पाखरांत आणि पाखरांतून ससाण्यात साठत गेले. त्यामुळे अंड्याच्या कवचाला पुरेसा चुना मिळेना. आई उबवायला बसली, की तिच्याच भाराने अंडे फुटायचे. दुसऱ्या काही विषारी औषधांनी तर मोठे पक्षीच मेले.

नोंदी होत्या म्हणून कारण सापडले, आणि कारण सापडले म्हणून उपायही झाला. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. टॉम केड आणि त्यांच्या सोबत्यांनी पिंजऱ्यात पिल्ले वाढवून ती कड्यांवर, मनोऱ्यांवर, उंच इमारतींवर नेऊन सोडली. १९९९ साली अमेरिकेने हा ससाणा संकटग्रस्तांच्या यादीतून काढला. आज न्यूयॉर्क, लंडन या शहरांत त्याच्या जोड्या नांदतात. मॉंट्रियललाही या शतकात विद्यापीठाच्या मनोऱ्यावर ससाण्यांनी पिल्ले वाढवली आहेत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यातून एक छोटे काम निघते. शाळेजवळच्या झाडावर घारीचे घरटे असेल, जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंगळा असेल. मुलांना एक वही द्या. घरटे कधी सुरू झाले, पिल्ले किती दिसली, कधी उडाली, एवढेच लिहायला सांगा. झाडावर मात्र चढू देऊ नका, लांबूनच पाहू द्या. आणि तारीख घालायला विसरू नका. आज ती वही क्षुल्लक वाटेल. पण काही बिघडले, तर आधी कसे होते हे सांगणारा साक्षीदार तोच असेल.